‘हरलाच नाही’ हे कसलं मोठेपण?

गेल्या डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला लोणंदला गेलो होतो. वलीमा आटोपला, देगी घासून झाल्या, पाहुणे निजले आणि आम्ही आठ-दहा जण शेकोटीभोवती खुर्च्या ओढून बसलो. दोन-तीन माझ्यासारखे पुण्यात कॉम्प्युटरपुढे बसणारे, एक कांदा मार्केटात अडत्याकडे हिशेब लिहिणारा, बाकी कॉलेजातली पोरं. कुणीतरी मोबाइलवर एक यादी काढली, ‘आजवरचे दहा सर्वश्रेष्ठ बॉक्सर’, आणि भांडण जुंपलं.

एक म्हणाला, मेवेदर. पन्नास लढती, पन्नास विजय, विषय संपला. दुसऱ्याने प्रिन्स नसीमचा व्हिडिओ लावला, रिंगच्या दोरावरून कोलांटी मारून आत येणारा. तिसऱ्याने खबीबचं नाव घेतलं. तो बॉक्सर नाही असं मी म्हटलं, तर उत्तर आलं, ‘नसू दे, पण हरला कधी?’ चौथ्याचा हिशेब आणखी सोपा होता. ‘अलीनंतर आपल्यातला कोण, तेवढं सांगा.’

बाजूला माझी भाची बसली होती, अकरावीतली. दोन महिन्यांपूर्वी विभागीय शालेय स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली होती. तेव्हापासून ग्लोव्हज कपाटावर पडून आहेत. घरात एकच पालुपद चालू आहे, ‘हारने कू कायकू जानेका इत्ती दूर?’ आमचं बोलणं ऐकून ती हळूच म्हणाली, ‘मामू, माझा झिरो तर पहिल्याच लढतीत गेला.’

सगळे हसले. मीही हसलो. पण झोप लागेना. आम्ही पोरं ज्या फूटपट्टीने मोठेपण मोजत होतो, त्याच फूटपट्टीने एक मुलगी स्वतःला मोजत होती आणि निकाल लावून मोकळी झाली होती. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: ‘कधीच हरला नाही’ हा मोठेपणाचा पुरावा नाही. कित्येकदा ती पळवाट असते.

आधी आकडे बघू. पूर्वी बॉक्सिंगमध्ये मुख्य वजनगट आठ होते आणि साधारणपणे एका गटात एक जगज्जेता असे. आज पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा वजनगट सर्वमान्य आहेत आणि चार मोठ्या संघटना आहेत, प्रत्येकीचा पट्टा वेगळा. सतरा चोक अडुसष्ट. त्याशिवाय ‘अंतरिम’, ‘सुपर’, ‘रेग्युलर’ असे उपपट्टे वेगळेच. म्हणजे आज एखाद्याला नुसतं ‘जगज्जेता’ म्हटलं तर त्यावरून फार काही कळत नाही. एकाच वजनाचे चार राजे असतील, तर हुशार मॅनेजर त्यातला सगळ्यात लंगडा राजा शोधतो आणि आपला गडी त्याच्यापुढे उभा करतो.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे काय झालं आठवा. कुस्ती संघटनेत दोन गट पडले आणि एकाच महिन्यात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ झाल्या. फुलगावला सिकंदर शेख गदा घेऊन गेला, धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये तेच पुन्हा: अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके. या पैलवानांचा त्यात काही दोष नाही, सगळे घाम गाळून तिथवर आले. पण गदा दोन झाल्या की गावातला साधा माणूससुद्धा विचारतो, ‘बरं, पण यातला खरा कोण?’ जगभरचा बॉक्सिंगचा प्रेक्षक गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न विचारतोय.

त्याचं उत्तर आपल्याच भाषेत आहे. सातारा-सांगलीकडच्या जत्रेत वाढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. कुस्तीचा फड लागतो, हलगी वाजते, तेव्हा म्हातारी माणसं ‘हा किती जिंकला?’ असं विचारत नाहीत. ती विचारतात, ‘जोड कुणाशी लागली?’ आणि संध्याकाळी घरी परतताना विचारतात, ‘निकाली झाली का बरोबरीत सोडवली?’ आजच्या बॉक्सरला सर्वकालीन थोर म्हणायचं असेल, तर त्यालाही मी हेच विचारीन. फक्त आणखी दोन प्रश्न जोडून.

पहिला प्रश्न, जोड. तुझ्या काळातला, तुझ्या वजनातला सगळ्यात अवघड माणूस कोण होता, आणि तो ऐन भरात असताना तू त्याच्याशी लढलास का? मेवेदर फार मोठा बॉक्सर होता यात मला शंका नाही. त्याच्या बचावासारखा बचाव क्वचितच कुणाचा असेल. पण लोक ज्या लढतीसाठी जीव टाकत होते, ती पॅकियावविरुद्धची लढत. तिची बोलणी २००९ मध्ये सुरू झाली आणि ती झाली २ मे २०१५ ला. तोवर मेवेदर ३८ वर्षांचा होता, पॅकियाव ३६ चा, आणि मधल्या काळात २०१२ मध्ये मार्केझने पॅकियावला निपचित पाडलेलं होतं. उशिराला दोन्ही बाजू जबाबदार असतील, पण लढत शिळी झाली ती झालीच. आणि तो पन्नासावा विजय? २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगरवर, ज्याने त्याआधी एकही व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळली नव्हती. पन्नासचा आकडा गोल दिसतो, पण त्याच्या शेवटच्या विटेत वाळू जास्त आहे.

माझ्या धंद्यात याचा एक नमुना रोज दिसतो. एखादा प्रोग्रामर छाती फुगवून सांगतो, ‘माझ्या कोडमध्ये एकही टेस्ट फेल नाही.’ उघडून बघावं तर त्याने टेस्ट लिहिल्याच दोन, त्याही सोप्या. अवघड प्रश्न विचारलेच नाहीत तर चूक सापडणार कुठून?

दुसरा प्रश्न, निकाल. गुणांवर जिंकणं गैर नाही, तो खेळाचाच भाग आहे. पण पंचांच्या कागदावर शंका राहिली, तर थोर माणूस तीच जोड पुन्हा मागतो. बेटरबिएव्ह आणि बिवोल बघा. आपल्याकडच्या पोरांना बेटरबिएव्ह चेचेन म्हणून आवडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रियाधला दोघे समोरासमोर आले तेव्हा दोघेही अपराजित होते आणि चारही पट्टे पणाला लागलेले होते. बेटरबिएव्ह थोड्या फरकाने जिंकला. चार महिन्यांत दोघे पुन्हा तिथेच उतरले आणि या वेळी बिवोल थोड्या फरकाने जिंकला. दोघांचाही शून्य गेला. मला सांगा, त्यातला कोण लहान झाला? माझ्या मते दोघेही त्या चार महिन्यांत जेवढे वाढले, तेवढे आधीच्या सगळ्या सोप्या विजयांनी वाढले नव्हते.

तिसरा प्रश्न, फड कुणाचा. आपल्या गावच्या जत्रेत, आपल्या वस्तादाच्या आणि आपल्या पंचांच्या देखत जिंकणं वेगळं. दुसऱ्याच्या गावात जाऊन, तिथली गर्दी अंगावर घेऊन जिंकणं वेगळं. आणि दुसऱ्याचं वजनसुद्धा त्याचं घरच असतं. इथे मी युक्रेनच्या उसिकचं नाव घेतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन तो व्यावसायिक झाला आणि क्रूझरवेटमध्ये हुकला बर्लिनमध्ये, ब्रिएडिसला रिगामध्ये आणि गॅसिएव्हला मॉस्कोमध्ये, म्हणजे प्रत्येकाला त्याच्याच अंगणात हरवून २०१८ मध्ये चारही पट्टे एकत्र केले. मग वरच्या वजनात जाऊन जोशुआला लंडनमध्ये हरवलं. मे २०२४ मध्ये त्याच्याहून बराच उंच आणि जड असलेल्या फ्युरीला हरवून तिथलेही चारही पट्टे घेतले, आणि डिसेंबरात फ्युरीला पुन्हा हरवलं. तोही अपराजित आहे. म्हणजे मी शून्याचा वैरी नाही. क्रॉफर्डही अपराजितच. सप्टेंबर २०२५ मध्ये तो वरच्या वजनात चढून कॅनेलोला हरवून आला आणि चार पट्ट्यांच्या काळात तीन वजनगटांत निर्विवाद ठरणारा पहिला पुरुष बॉक्सर झाला. या दोघांनी शून्य सांभाळला नाही. ते अवघड माणसांकडे चालत गेले, शून्य सोबत राहिला इतकंच.

चौथा प्रश्न सगळ्यात जड आहे. पडल्यावर काय केलंस?

प्रिन्स नसीम मलाही लहानपणी फार आवडायचा. शेफिल्डमध्ये वाढलेला, येमेनी आईबापांचा मुलगा, त्याच्या ठोशात खरीच वीज होती. एप्रिल २००१ मध्ये लास वेगासला तो बरेराकडून हरला, पहिल्यांदाच. त्यानंतर आणखी एक लढत खेळला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी संपला. ३६ विजय, एक पराभव. रेकॉर्ड बघून डोळे दिपतात. आता बरेरा बघा. नसीमसमोर उभा राहण्याआधीच तो तीनदा पराभूत म्हणून रिंगमधून उतरला होता. ज्याला पडायची सवय होती, त्याने न पडलेल्याला बॉक्सिंग शिकवलं. नसीमचे हात दुखावलेले होते, त्याची कारणं असतील. मी त्याला भित्रा म्हणत नाही. पण दहा सर्वश्रेष्ठांच्या यादीत त्याचं नाव का नाही, याचं उत्तर त्या एका पराभवात नाही. पराभवानंतरच्या रिकाम्या वर्षांत आहे.

शुगर रे रॉबिन्सनला जाणकार सर्वश्रेष्ठ म्हणतात, त्याच्या नावावर १९ पराभव आहेत. पहिला फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाकडून. तीन आठवड्यांत रॉबिन्सन त्याच लामोटासमोर परत उभा राहिला आणि जिंकला. दोघे एकूण सहा वेळा लढले, पाच वेळा रॉबिन्सन जिंकला.

आणि अली. आपल्या प्रोफाइलवर त्याचा फोटो असतो, पण तो पाच वेळा हरला हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? व्हिएतनाम युद्धाच्या भरतीला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये किताब गेला, साडेतीन वर्षं रिंग बंद. परत आल्यावर मार्च १९७१ मध्ये फ्रेझरने पाडला. १९७३ मध्ये नॉर्टनने हरवला. अली तेव्हाच गप्प बसला असता तर आज तो ‘चांगला होता, पण’ असा उरला असता. त्याने नॉर्टनला परत बोलावलं, फ्रेझरला परत बोलावलं, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला फोरमनसमोर गेला, ज्याने त्याच फ्रेझरला आणि नॉर्टनला दोन-दोन फेऱ्यांत लोळवलं होतं. आठव्या फेरीत फोरमन खाली होता. रिंगमधला अली थोर ठरला तो या माणसांमुळे. त्याच्या नावामुळे नाही.

इथे चौथ्या भावाच्या प्रश्नाकडे येतो: ‘आपल्यातला कोण?’ मला हा प्रश्न कळतो. रोज कुणीतरी आपल्याला कमी लेखत असतं, तेव्हा पडद्यावर आपल्यासारखं नाव असलेला कुणीतरी जिंकला की छाती रुंद होते. माझीही होते. पण ही छाती रुंद होणं आणि मोजमाप करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. नाव बघून मोठेपण वाटायला लागलो, तर उद्या दुसऱ्याने नाव बघून ते नाकारलं तर कुठल्या तोंडाने भांडणार?

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाडविरुद्धच्या लढतीत सिकंदर शेख हरला, आणि पंचांनी दिलेल्या गुणांवरून वाद पेटला. समाजमाध्यमांवर काहींनी त्याला लगेच धर्माचा रंग दिला, दोन्हीकडून. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदरसमोर होता शिवराज राक्षे, म्हणजे जानेवारीतला विजेता. सिकंदरने त्याला मिनिटभराच्या आत चितपट केलं. पंचांना गुण मोजायचं कामच उरलं नाही. मी सिकंदरला सर्वकालीन थोर म्हणत नाही, त्याला अजून खूप सिद्ध करायचंय. पण त्या एका कुस्तीने जो वाद मिटवला, तो आपल्या हजार पोस्टींनी मिटला नसता. बोरामणीचे तीन भाऊ, इस्माईल, आप्पालाल आणि मुन्नालाल शेख, १९८०, १९९२ आणि २००२ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, तेही कुणी ‘आपला’ म्हणून दिलेली गदा घेऊन नव्हे.

आणि खरा थोर माणूस बघायचा असेल तर लास वेगासला जायची गरज नाही. लोणंदहून मिरजेकडची गाडी पकडा आणि कराडला उतरा. तिथून जवळ गोळेश्वर. खाशाबा जाधवांचं गाव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते फ्लायवेटमध्ये सहावे आले, मातीतला गडी पहिल्यांदाच मॅटच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत. चार वर्षांनी वरच्या वजनात, बँटमवेटमध्ये, हेलसिंकीला गेले. पैशासाठी गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तिथे जपानच्या इशीने त्यांना दमवून हरवलं आणि पुरेशी विश्रांती न देताच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव्हपुढे उभं केलं. भांडायला आपला पदाधिकारीच हजर नव्हता. तिथेही हरले. इशी सुवर्ण, मामेदबेयोव्ह रौप्य, खाशाबा कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

म्हणजे हेलसिंकीत खाशाबा दोनदा हरले. आमच्या शेकोटीभोवतीच्या फूटपट्टीने मोजलं तर त्यांचा ‘रेकॉर्ड’ खराब. जगातल्या पहिल्या दोघांकडून हरलेला माणूस आणि जत्रेत कमजोर जोड्या लावून अपराजित राहिलेला माणूस, या दोघांत तुम्ही कुणाच्या नावाने स्पर्धा भरवाल?

कुणी म्हणेल, आजचा बॉक्सर बिचारा काय करणार? लढती तो ठरवत नाही, प्रमोटर ठरवतो, टीव्हीवाले ठरवतात. एक पराभव झाला की मानधन अर्ध्यावर येतं. हे खरं आहे, म्हणूनच मी रॉबिन्सनसारख्या दोनशे लढती मागत नाही. मागूही नयेत, डोकं एकच असतं. अलीने १९८० मध्ये होम्ससमोर उभं राहायला नको होतं, त्या लढतीत मला थोरपण दिसत नाही, फक्त वाईट वाटतं. थांबायचं कधी हे कळणंही यातच येतं. पण सबब खरी असली म्हणून मोजमाप बदलत नाही. बाजाराने तुला अवघड माणसाकडे जाऊ दिलं नाही, तर बाजार दोषी, कबूल. तरी तू त्याच्याशी लढला नाहीस ते नाहीसच. सर्वकालीन थोर हा किताब सहानुभूतीवर मिळत नाही.

शेवटी भाचीकडे येतो. तिला मी त्या रात्री काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी निखत झरीनबद्दल सांगितलं. निजामाबादची निखत. २०१९ मध्ये तिने सरळ मागणी केली की ऑलिंपिक पात्रता स्पर्धेला कोण जाणार हे निवड चाचणीवर ठरू द्या. समोर कोण होतं? मेरी कोम. २००२ ते २०१८ या काळात सहा वेळा जागतिक विजेती, ऑलिंपिक पदकविजेती, अख्ख्या देशाची लाडकी. निखतला लोकांनी उद्धट म्हटलं. डिसेंबरात दिल्लीत चाचणी झाली आणि निखत ९-१ अशी हरली. मागून घेतलेली जोड, आणि सगळ्या देशासमोर पराभव.

२०२२ मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली. २०२३ मध्ये पुन्हा. मग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वू यूकडून लवकर हरली आणि रडली. माझ्याच चार प्रश्नांनी तपासलं तर निखत अजून सर्वकालीन थोरांत बसत नाही, मेरी कोम बसते. पण त्या दारापर्यंत निखत पोचली, कारण तिने सगळ्यात अवघड बाईशी लढत मागितली.

भाचीने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘माझी जोड कुणाशी लागली होती माहितीये? ती पुढे राज्यात गेली.’ दोन महिने घरात कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी फक्त विचारलं होतं, ‘जिंकलीस का?’

ग्लोव्हज अजून कपाटावरच आहेत. आईला मी समजावतोय, ती अर्धी तयार आहे, प्रवासाला सोबत कोण जाणार यावर गाडी अडलीय. ते मी बघतो. तुम्ही एवढंच करा: पुढच्या वेळी ग्रुपवर ‘दहा सर्वश्रेष्ठ’ची यादी आली, तर पराभवांचा रकाना बघून निकाल लावू नका. जोड कुणाशी लागली ते विचारा. आणि घरातलं एखादं पोर स्पर्धेतून, परीक्षेतून, मुलाखतीतून हरून आलं, तर त्यालाही आधी तेच विचारा.